सरळ करणारी कळ

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण आजारपण नाही की कंटाळा नाही. मला एक नवा नाद लागला आहे. मी नकाशा काढते. कागदावर नव्हे, संगणकावर. आमच्या ब्राह्मणपुरीचा, आजूबाजूच्या शिवाराचा, शहाद्याकडे जाणाऱ्या रस्त्यांचा. नाशिकच्या नणंदबाई आणि सुरतेची भाचेमंडळी फोनवर विचारतात, "सध्या काय चाललंय?" आणि मी "घरं चौकोनी करतेय" असं सांगितलं की पलीकडे क्षणभर कोणी बोलतच नाही. तेव्हा म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा एक नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणानं २००४ मध्ये इंग्लंडमध्ये तो सुरू केला. विकिपीडियासारखाच कारभार. कोणीही खातं उघडावं, आपल्या माहितीतली जागा काढावी, दुसऱ्याचं चुकलं असेल तर सुधारावं. आकाशातून घेतलेलं छायाचित्र पडद्यावर दिसतं आणि त्यावर आपण गिरवायचं. चित्रावर पातळ कागद ठेवून मुलं गिरवतात ना, तसंच. गिरवण्यासाठी 'आयडी' नावाचा प्रोग्रॅम आहे. २०१३ मध्ये आला. वेगळं काही बसवावं लागत नाही, ब्राउझरमध्येच उघडतो. 'जोसम' नावाचा त्याहून जुना आणि जास्त ताकदीचा प्रोग्रॅमही आहे, पण माझ्यासारखीला आयडीच बरा.

माझी नात पुण्यात शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनंच मला खातं उघडून दिलं. "आजी, जन्मभर मुलांकडून नकाशे काढून घेतलेस, आता आपल्या गावाचा तू काढ," म्हणाली. पाहिलं तर गावातून जाणारा रस्ता होता, गावाचं नाव होतं आणि आमच्या गल्लीत एकही घर नव्हतं. इतकी वर्षं ज्या ओट्यावर बसून भाजी निवडली तो ओटा जगाच्या नकाशात नाही, हे बघून जरा लागलंच म्हणा ना!

काम कसं चालतं ते सांगते. बायकांना चटकन कळेल, कारण ही चक्क ठिपक्यांची रांगोळी आहे. आधी ठिपके, मग ते जोडणाऱ्या रेघा, आणि रेघ फिरून पहिल्या ठिपक्याला मिळाली की झाला आकार. सगळा नकाशा या तीनच गोष्टींचा. कळफलकावर १ दाबलं की ठिपका (विहीर, बसथांबा, देऊळ), २ दाबलं की रेघ (रस्ता, नाला), ३ दाबलं की बंद आकार (घर, शाळा, मैदान). घराच्या एकेका कोपऱ्यावर टिचकी मारत जायचं आणि शेवटी एंटर. की घर तयार!

निदान नात काढायची तेव्हा तयार व्हायचं. माझं होईना.

तुमच्यातल्या जवळच्यांना ठाऊक आहे, चार-पाच वर्षांपासून माझ्या उजव्या हाताला कंप आहे. डॉक्टर म्हणतात वयाचा आहे, काळजी करू नका. काळजी नाही, पण चहाची बशी वाजते. दारातली रांगोळी मी सोडली ती यामुळेच. ठिपके नीट पडतात, रेघ थरथरते. फळ्यावर एका झटक्यात महाराष्ट्र काढणारा हात हा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा पुस्तकातला नकाशा जुनाच होता. नवी हद्द मीच फळ्यावर खडूनं काढून दाखवली होती मुलांना. आता माऊस धरला की पडद्यावरचा बाण पाण्यावरच्या पानासारखा हलतो. टिचकी मारायला जावं तर बोट दाबतानाच हात सरकतो आणि घराचा कोपरा शेजारणीच्या न्हाणीत जातो.

नातीनं यावर दोन उपाय सांगितले. पहिला असा, की ठिपका ठेवायला माऊसच्या बटणाची गरजच नाही. उजव्या हातानं बाण कोपऱ्यावर न्यायचा, हात टेबलावर टेकवून स्थिर करायचा आणि डाव्या हातानं स्पेसची लांब पट्टी दाबायची. ठिपका तिथेच पडतो. डावा हात माझा अजून गुणी आहे.

दुसरा उपाय म्हणजे 'क्यू' ही कळ. घर कसंही वेडंवाकडं काढा, ते निवडून क्यू दाबा. चारही कोपरे काटकोनात! पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. गवंडी गुण्या लावून भिंत पाहतो आणि वाकडी दिसली तर पाडून पुन्हा बांधतो. इथे न पाडताच भिंत सरळ. चारऐवजी सहा-आठ कोपऱ्यांचं, पुढे पडवी आणि मागे न्हाणी असलेलं घरही ती कळ गुण्यात आणते. सगळ्या घराला नको असेल तर एकच कोपरा निवडून तेवढाच काटकोनी करता येतो. माझ्या हाताचा सगळा कंप ती एक कळ पुसून टाकते. तुम्हांला सोयीची वाटेल, मला मात्र ती सोय नव्हती. परत मिळालेला हात होता तो.

मग काय, एकेक कळ शिकत गेले. तुमच्यासाठी सांगून ठेवते.

'ओ' म्हणजे गोल. पाच-सहा ठिपक्यांचा ओबडधोबड आकार काढून ओ दाबा, वर्तुळ होतं. रांगोळीत गोल हवा असला की आपण वाटी नाही तर बांगडी ठेवून भोवती गिरवतो, तसं. खेड्यात गोल गोष्टी पुष्कळ. पाण्याची टाकी गोल, जुन्या विहिरी गोल. पूर्वीचं खळंही गोलच असायचं. मधे मेढ रोवायची आणि बैलांची पात तिच्याभोवती फिरायची. दोर आणि खुंट हीच तेव्हाची ओ कळ! आता मळणीयंत्र आलं, खळी गेली. छायाचित्रात एकही सापडलं नाही.

'एम' दाबलं की निवडलेली वस्तू हलवता येते, 'आर' दाबलं की फिरवता येते. कंट्रोल आणि सी, मग कंट्रोल आणि व्ही, हे तुम्हांला पत्रं टंकताना माहीत आहेच, इथेही चालतं. एका मापाच्या घरकुलांची रांग असली की एक घर नीट काढायचं आणि त्याच्या नकला पुढे ठेवत जायचं. 'एक्स'नं रेघ तुटते, 'सी'नं दोन रेघा एक होतात. एक आकार दुसऱ्याला लागून असेल, समजा शाळेचं मैदान कुंपणाच्या रेघेला चिकटून असेल, तर त्या रेघेवरचे लागोपाठ दोन ठिपके पकडायचे आणि मग 'एफ' दाबत जायचं. आपली रेघ पहिल्या रेघेच्या पावलावर पाऊल टाकत चालते. उलट, शेजारच्या वस्तूला चिकटायचं नसेल तर ठिपका ठेवताना ऑल्ट दाबून धरायचं.

'व्ही' ही कळ मला फार आवडली. तिनं रेघेची दिशा उलटते. आता रेघेला कसली दिशा? तर नदी-नाल्याची रेघ पाणी वाहतं त्या दिशेनंच काढायची, असा तिथला दंडक आहे. तापी पश्चिमेला वाहते. सातपुड्यातून उतरलेली गोमाई खाली येऊन प्रकाशाला तापीला मिळते. एखाद्यानं नाला तोंडाकडून उगमाकडे काढला असेल तर तो नकाशात डोंगर चढतो! व्ही दाबून त्याला खाली उतरवायचं. परक्याला हे छायाचित्रात कळत नाही. ज्यानं पावसाळ्यात तो नाला वाहताना पाहिला आहे त्याला विचार करावा लागत नाही.

आणि सगळ्यांत मोठी कळ, कंट्रोल आणि झेड. केलेलं मागे घेणारी. आयुष्यात नाही ती.

तर असं महिनाभर चाललं. रोज दुपारी एक गल्ली. क्यू, क्यू, क्यू. पत्र्याची घरं वरून चकाकतात, स्लॅबची पांढरी दिसतात, त्यांवर टाकीचा काळा ठिपका. जुनी धाब्याची घरं मात्र ओळखायला कठीण. मातीचंच छत, मातीचाच रस्ता, आणि दोन्हींचा रंग एक. तिथे डोळ्यांपेक्षा आठवण कामी येते. अमक्याचं घर कुठे संपतं आणि तमक्याचं कुठे सुरू होतं, हे मला ठाऊक आहे, कारण जनगणनेत त्या प्रत्येक उंबऱ्यावर मी उभी राहिले आहे.

१९८१, १९९१, २००१. तिन्ही जनगणनांना मी प्रगणक होते. शिक्षकांना ते चुकत नाही. माणसं मोजण्याआधी घरयादी असते आणि घरयादीसाठी गटाचा नजरी नकाशा काढावा लागतो. नजरी म्हणजे नजरेनं काढलेला. त्याला माप नसतं. पक्कं घर चौकोनानं दाखवायचं, कच्चं त्रिकोणानं. खरं घर लांबट असो की वाकडं, पक्कं म्हणजे चौकोन. तो चौकोन घराचा आकार नव्हता, नुसती खूण होती. संगणकावरच्या नकाशात तसं नाही. इथे काढलेला चौकोन म्हणतो, "हे घर चौकोनीच आहे, एवढं लांब, एवढं रुंद." म्हणजे तो एक दावा झाला. हा फरक माझ्या लक्षात आला तो आमच्या आळीतल्या एका घरापाशी.

ते घर गोमुखी आहे. पुढे दाराशी अरुंद आणि मागे रुंद. गोमुखी जागा घराला शुभ आणि व्याघ्रमुखी, म्हणजे पुढे रुंद आणि मागे निमुळती, दुकानाला बरी, असं आपल्याकडे मानतात. शुभाशुभाचं सोडा, पण बांधणाऱ्यानं ते घर मुद्दाम तसं बांधलं. त्याच्या आकाराला एक कारण आहे. मी सवयीनं त्यावरही क्यूपर्यंत बोट नेलं आणि थांबले. कळ दाबली असती तर घर सुबक झालं असतं, पण ते त्यांचं घर राहिलं नसतं. शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. हे घर काटकोनात आणलं की एका बाजूला नसलेली बोळ तयार होणार आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत कापली जाणार.

गंमत अशी की प्रोग्रॅमलाही थोडी समज दिलेली आहे. आकार फारच तिरका असला तर तो क्यू ऐकत नाही. हा आकार पुरेसा चौकोनी नाही, सबब करता येत नाही, अशा अर्थाचा संदेश देतो. रेघ सरळ करणारी 'एस' नावाची कळ आहे, तीही रेघ फारच वळणावळणाची असली तर नकार देते. पण समज आहे ती तेवढीच. मोठा वाकडेपणा तो सोडून देतो, लहान वाकडेपणा मुकाट्यानं सरळ करतो. आणि आमची घरं, आमच्या वाटा, आमचे बांध थोडेसेच वाकडे असतात हो! माझ्या हाताचा कंपही तेवढाच. दोन्ही वाकडेपणा पडद्यावर अगदी सारखे दिसतात. कोणता हाताचा आणि कोणता जमिनीचा, हे कळ ओळखत नाही. ते ओळखायचं काम माणसाचं.

हे काही आजचं नाही. जुन्या शेतमोजणीची साधनं आठवा, शंकू आणि साखळी. मुंबई इलाख्यातली ही मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. साखळी तेहेतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे. तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशोब मुलांना सांगितला की त्यांचे डोळे मोठे व्हायचे, कारण गुंठा घरोघरी बोलण्यात, पण तो १०८९ असा विचित्र का, हे कोणी सांगितलेलं नसायचं.

शंकू म्हणजे काठीच्या टोकावर बसवलेलं एक साधं साधन. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी. शेतातून साखळी सरळ टाकायची. शंकू घेऊन तिच्या कडेनं चालायचं. एका फटीतून साखळीची रेषा दिसते आहे आणि दुसरीतून शेताचा कोपरा नेमका समोर आला, की तिथून त्या कोपऱ्यापर्यंत लंब. तो मोजायचा आणि टिपणात लिहायचा. म्हणजे काटकोन तेव्हाही लागत होता. पण तो वाकडं शेत होतं तसं कागदावर उतरवण्यासाठी. शेताला काटकोनी करण्यासाठी नव्हे! मला वाटतं, क्यू कळ वापरणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. हत्यार काटकोनी असावं, शेत असेल तसंच राहू द्यावं.

आणि रेघ ही नुसती रेघ नसते, हे आपल्या खानदेशाला जुनं माहीत आहे. १८५२ मध्ये एरंडोल, सावदा, फैजपूर या भागांत लोक या मोजणीविरुद्ध उठले होते. जमिनीवर साखळी पडली की मागून सारा येतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. नावं सांगत नाही. आमच्या शिवारात दोन भावांची शेतं लागून आहेत, मधून गाडीवाट जाते. दोघेही माझे विद्यार्थी, दोन वर्षांच्या अंतरानं. ती वाट मी नकाशात काढली होती. वाटेवर एक मोठा कडुनिंब आहे आणि वाट त्याला वळसा घालून जाते. मी वळसा काढला.

थोरला एका सकाळी आला. ओट्यावर बसला. इकडचं-तिकडचं झाल्यावर मोबाईल काढून म्हणाला, "बाई, ही आपल्या शिवारातली वाट तुम्ही काढली ना?"

"हो, मीच काढली."

"मग कडुनिंबापाशी ती वळवली कशाला? सरळ करून द्या की. पोरं सांगतात, एक बटण दाबायचं काम आहे."

"अरे, पण वाट वळतेच ना तिथे?"

"आता वळते. आमच्या आजोबांच्या वेळी सरळ होती."

"आणि कडुनिंब? तो तर तुझ्या आजोबांपेक्षाही जुना दिसतो."

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "ते असू द्या बाई. नकाशात सरळ दिसली तर मला धाकट्याला दाखवता येईल."

तेव्हा मला कळलं. वळसा थोरल्याच्या बाजूनं आहे. वाट सरळ झाली तर ती झाडापलीकडून, धाकट्याच्या शेतातून जाते. मी कागद घेतला आणि त्याच्यासमोरच हिशोब मांडला. साधारण शंभर फुटांत वाट वळते आणि मधोमध दहा फूट बाहेर जाते. त्रिकोण धरला तर पाया शंभर, उंची दहा, क्षेत्रफळ पाचशे चौरस फूट. गुंठा १०८९ चा. म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा! आणि एवढ्याशा वळणाला तो प्रोग्रॅम नाही म्हणत नाही. एस दाबली की वाट सरळ. अर्धा गुंठा या भावाकडून त्या भावाकडे, आणि तोही माझ्या एका बोटाखाली.

मी त्याला सांगितलं, "बाळा, हा लोकांनी काढलेला नकाशा आहे. वाट कोठून जाते एवढंच तो सांगतो, ती कोणाची आहे ते सांगत नाही. हद्दीचं म्हणशील तर भूमी अभिलेखवाल्यांची मोजणी मागव, वहिवाटीचं म्हणशील तर तहसीलदारांकडे अर्ज कर. याला तिथे कोणी विचारणार नाही."

"तिथे नसेल विचारत, घरात विचारतील ना," तो म्हणाला.

खरं होतं त्याचं. कचेरीत ज्या कागदाला किंमत नाही, त्याची घरात केवढी किंमत होऊ शकते! "बाईंनी काढलंय" म्हटल्यावर धाकट्यानं मानलंही असतं कदाचित. मुलांनी चाळीस वर्षं आपल्यावर विश्वास ठेवला, तो असा खर्च करायचा का? मी नाही म्हटलं. चहा ठेवला होता. तो न घेता उठला. तेव्हापासून समोरून गेला तरी मान खाली घालून जातो. पूर्वी पपईचा तोडा असला की दोन पपया घरी यायच्या, त्याही बंद झाल्या. पपयांचं काही नाही. पण पाचवीत त्याला कंपास धरायला मी शिकवलं होतं, त्यामुळे मान खाली घालून गेला की वाईट वाटतं. तरी नकाशातला वळसा अजून आहे आणि मी असेपर्यंत राहील. पुढेमागे झाड पडलं आणि वाट खरोखर सरळ झाली, तर मीच एस दाबीन.

यावरून तुम्ही म्हणाल, मग या सोप्या कळा वाईटच की! तर तसं अजिबात नाही. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या लोकांनी घरबसल्या छायाचित्रं पाहून तिथले रस्ते आणि घरं याच नकाशात काढली. मदत घेऊन जाणाऱ्यांना ती उपयोगी पडली. २०१४ मध्ये 'मिसिंग मॅप्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. नकाशात नसलेल्या वस्त्या काढायच्या, हेच त्याचं काम. आफ्रिकेतल्या गोल झोपड्या कोणी एकेक ठिपका मोजत बसलं असतं तर झाल्याच नसत्या. तिथे ओ कळ हवीच. आता तर गूगल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांची यंत्रं छायाचित्र पाहून आपली आपण छतं ओळखतात आणि चौकोन काढतात. घाईच्या वेळी थोडा वाकडेपणा सरळ झाला तर बिघडत नाही. घर आहे, हे कळणं महत्त्वाचं.

आपल्याच जिल्ह्यात बघा ना. सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, एका महसुली गावाचे कितीतरी पाडे असतात. घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत, ज्याचं घर त्याच्या शेतात, या टेकडीवर एक तर त्या टेकडीवर दुसरं. रस्ता नाही तिथून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतात. त्या पाड्याचं नावही नकाशात नसेल तर मदतीला निघालेल्याला सांगायचं काय? तिथे मी काटकोनाचा विचार करत नाही. कुडाचं घर दिसलं की चार ठिपके, एक क्यू, पुढचं घर. पण पायवाटेला मात्र एस लावत नाही. डोंगरातली पायवाट वळते ती चढ तोडण्यासाठी. तिला सरळ केलं तर नकाशावर अंतर कमी दिसेल आणि झोळी खांद्यावर घेतलेल्या माणसाला ते तेवढंच चालावं लागेल.

तर माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. क्यू दाबण्याआधी स्वतःला विचारायचं, हे घर मी पाहिलं आहे का? पाहिलं असेल आणि ते चौकोनी असेल तर खुशाल दाबायचं. पाहिलं नसेल तर छायाचित्र जास्तीत जास्त मोठं करून भिंतींच्या रेघा बघायच्या. आणि वाकडेपणा माझ्या हाताचा नाही असं वाटलं, तर तो तिथेच राहू द्यायचा, मग नकाशा दिसायला जरा गबाळा का दिसेना. नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तू फार हळू काढतेस." हळू काढते खरी. मला घाई कुठे आहे?

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी. घर काढताना छताची कड नव्हे, भिंतीचा पाया धरा, कारण छायाचित्र तिरकं घेतलेलं असलं तर उंच घर एका बाजूला कललेलं दिसतं. आणि दुसऱ्या कंपन्यांच्या नकाशांवरून नावं उतरवून इथे टाकू नका. इथे आपल्या माहितीचं आणि परवानगी असलेल्या छायाचित्रांवरूनच काढायचं असतं. परीक्षेत शेजाऱ्याचं पाहून लिहायचं नाही, तसंच.

आता नातेवाइकांसाठी काम देते. आमच्या आळीच्या टोकाला एक बुजवलेली विहीर होती, तिचं नाव मला आठवत नाही. हे असते तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. सुरतकर, नाशिककर, कोणाला आठवत असेल तर कळवा. त्याशिवाय ज्यांनी गाव सोडलं त्यांनी आपापल्या जुन्या घराचा आकार कागदावर काढून त्याचा फोटो पाठवा. पुढे ओटा किती होता, गोठा कोणत्या अंगाला, मागचं दार कुठे उघडायचं. घर पडलं असेल तर ते नकाशात काढता येणार नाही, कारण तिथे आज उभं आहे तेच काढायचं असतं. पण मी वहीत लावून ठेवीन. कागदावरची रेघ थरथरली तरी चालेल. मी काही क्यू दाबणार नाही.

असो. आज एवढंच. पाटीलवाड्यामागची गल्ली अजून बाकी आहे.